तीन सेलची बॅटरी

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणत आणि बॅटरीला सेल. अजूनही म्हणतात. परवा नातू आला होता, त्याला म्हटलं, कपाटातली बॅटरी दे जरा, तर त्याने टीव्हीच्या रिमोटमधले दोन बारके सेल काढून माझ्या हातावर ठेवले आणि पुन्हा मोबाइलात डोकं घातलं. माझे वडील असते तर त्यांनी आधी ते सेल उलटे करून बुडं पाहिली असती, मग नातवाकडे पाहिलं असतं, आणि मग मला मागच्या पडवीत नेऊन हळूच विचारलं असतं, ‘चांगले स्वतःकडे ठेवून आपल्याला गेलेले तर नाही ना दिले त्याने?’ बाबांचा स्वभावच तसा होता. बर्फाची लादी बोटीवर चढायच्या आधी ते तिचा कोपरा फोडून आत पोकळ आहे का ते बघत. डॉक्टर सुई टोचायला आला की औषधाची बाटली हातात घेऊन वास घेत. कोणी लग्नाला फार आग्रहाने बोलावलं तर दोन दिवस विचार करत, की एवढा आग्रह कशापायी. आईने चहात साखर जरा सढळ हाताने घातली तर कप खाली ठेवून विचारत, ‘काय हवंय तुला?’ आणि आईला खरंच काहीतरी हवं असे, त्यामुळे त्यांचा संशय आणखी पक्का होई. मी त्यांचीच लेक. आजही दुकानातून एखादी वस्तू आणली की पिशवीतून काढताना मला आधी वाटतं, आपल्याला फसवलं असणार. मग ती चांगली निघाली की उलट चुकल्यासारखं वाटतं.

आमचं घर धाकट्या डहाणूला, खाडीच्या अंगाला. बाबा स्वतःच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं आणि कधी माघारी फिरायचं हे ठरवणारा माणूस. दोन खलाशी, एक काका आणि बाबा असे चौघे जात. घरात आई, माझ्याहून मोठी हेमाताई आणि मी. पावसाळ्यात बोट वर ओढून ठेवलेली असे आणि बाबा घरात असत, हे आम्हा तिघींना फारसं मानवत नसे. दिवसभर ओटीवर जाळं पसरून बसायचे, तोंडात सुताचं टोक, हातात सुई, आणि नजर मात्र घरभर. कोण आलं, कोण गेलं, चुलीवर काय शिजतंय, हेमा दारात का उभी राहिली. बाहेर समुद्र रात्रंदिवस घोंघावत असे, कौलांवरून पाण्याच्या धारा लागलेल्या असत, आणि घरात भाजलेल्या सुक्या बोंबलांचा वास इतका मुरलेला असे की शाळेत माझ्या वह्यांनाही तो येई. दुपारी तांदळाची भाकरी, भाजलेला बोंबील कुटून त्यावर कच्चा कांदा आणि कोकम, नाहीतर जवळ्याची चटणी. चार वाजता पुदिना आणि गवती चहा घातलेला चहा. तो चहा मी आता करते तेव्हा पुदिना तसाच असतो, पण चव काही जमत नाही. पुदिनेवाली काहीतरी फवारते, असा मला दाट संशय आहे.

बॅटरी आमच्या घरात चैनीची वस्तू नव्हती. खाडीच्या तोंडाशी एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला वाळूचा बांध, मधून बोट जाईल एवढीच वाट. दिवसाउजेडी तांडेल डोळे मिटून बोट आत घेतो, पण भरती संध्याकाळची असली, आभाळ भरलेलं असलं, की काठावरून कोणीतरी उजेड दाखवावा लागतो. ते काम घरच्या बायकांचं. आई ठरलेल्या दगडावर उभी राही आणि बॅटरी समोर धरी. तो उजेड आणि मागच्या देवळाचा दिवा एका रेषेत आले की बाबा बोट सरळ आत घेत. एवढ्या संशयी माणसाचा त्या एका उजेडावर मात्र डोळे झाकून विश्वास होता, कारण तो धरणारी आई होती. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण दुसऱ्या कोणाला ते बॅटरी धरू देत नसत.

त्या पावसाळ्यात आमची जुनी बॅटरी गेली. ती बाबांनी विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत घेतली होती, भरपूर घासाघीस करून, दुकानदाराला पुरतं नामोहरम करून. घरी आल्यावर चार महिन्यांत तिला गंज चढला. मग सेल आतल्या आत फुटले, त्यांचं पांढरं पाणी झालं आणि त्या पाण्याने स्प्रिंग खाऊन टाकली. बाबांनी ती ओटीच्या खांबाला टांगून ठेवली होती, जत्रेतल्या माणसांची आठवण राहावी म्हणून. नवी बॅटरी नारळी पुनवेच्या आधी हवी होती, कारण पुनवेला नारळ वाहिला की बोटी पाण्यात जाणार.

नेमकं त्याच दिवसांत हेमाताईला जनार्दनचं स्थळ आलं. मुलगा आमच्याच जातीतला, मूळचा झाई गावचा, पण त्याच्या वडलांनी होडी विकली होती आणि जनार्दन तलासरीला मामाच्या किराणा दुकानात बसत होता. ताईने त्याला आधी बोर्डीला एका लग्नात पाहिलं होतं. दोघं काय बोलली, किती बोलली, ते मला तिने कधी सांगितलं नाही, पण स्थळ आलं तेव्हा चहाचे कप घेऊन बाहेर जाताना तिचे कान लाल झाले होते आणि आईने ते पाहिलं. पाहुणे गेल्यावर ताईने सरळ सांगितलं, ‘मला हाच करायचाय.’ त्या काळी आमच्या आळीत मुली असं बोलत नसत. आई चपापली. बाबा मात्र रागावले नाहीत, ते विचारात पडले, आणि ते जास्त वाईट. ‘बापाने होडी विकली,’ ते म्हणाले. ‘मुलगा तराजू धरतो. अंगाला मासळीचा वास नाही. आणि बॅटरीला टॉर्च म्हणतो.’ हे शेवटचं त्यांना सगळ्यात खटकलं होतं. बोलता बोलता जनार्दनने म्हटलं होतं, ‘आमच्या दुकानात टॉर्च ठेवत नाही, काका.’ टॉर्च म्हणणारा माणूस आपल्याला काहीतरी दाखवू पाहतो, असं बाबांचं मत पडलं.

ताईचं जेवण कमी झालं. आई देवासमोर जास्त वेळ बसू लागली. बाबांनी होकारही दिला नाही आणि नकारही, आणि त्यांचं असं अधांतरी ठेवणं किती दिवस चालेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं, कारण कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जायचं की नाही हे ठरवायला त्यांना दोन वर्षं लागली होती. शेवटी एक दिवस जाळ्यावरून मान वर न करता ते म्हणाले, ‘त्याला निरोप धाडा. म्हणावं, आम्हाला एक बॅटरी आणून दे. तीन सेलची. कुठली घ्यायची, सेल कुठले घालायचे, ते त्याने ठरवायचं. काय आणतो ते बघू, मग पुढचं बोलू.’ आई म्हणाली, ‘अहो, बॅटरीवरून कोणी जावई ठरवतं का?’ बाबा म्हणाले, ‘मग कशावरून ठरवतात? नाकावरून?’ आई उठून चुलीकडे गेली. खरं सांगायचं तर याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

जनार्दन एसटीने चारोटीवरून डहाणूला आला. मला त्याच्याबरोबर बाजारात जायचं होतं. बाबांनी मला आदल्या संध्याकाळी समोर बसवून पढवलं होतं. तो कुठल्या दुकानात शिरतो, दुकानदार त्याच्या ओळखीचा आहे का, आधी काय हातात घेतो, काय विचारतो, सगळं ध्यानात ठेवायचं. ‘आणि त्याने तुला काही खायला दिलं तर घे,’ ते म्हणाले, ‘पण त्याने तुझं तोंड बंद होता कामा नये.’ मी तेव्हा दहावीत होते आणि मला हे काम मनापासून आवडलं. एरवी आमच्यावर नजर ठेवली जाई, त्या दिवशी नजर ठेवायचा मान मला मिळाला होता.

स्टेशनकडच्या रस्त्यावर कटलरीचं एक दुकान होतं, तिथे तो शिरला. गुजराती शेठ गादीवर बसलेला, मागे काचेच्या कपाटात बॅटऱ्या उंचीनुसार उभ्या केलेल्या. शेठने पाहिलं, तरुण माणूस, बरोबर मुलगी, आणि लगेच लाल प्लास्टिकची एक चकचकीत बॅटरी पुढे केली. ‘आ घ्या नी भाई, हलकी पण आहे, फॅन्सी पण आहे.’ जनार्दनने ती हातात घेतली, बटण पुढेमागे केलं आणि परत दिली. म्हणाला, भिजलेल्या हाताने धरायची आहे, बटण एवढं गुळगुळीत नको. मग शेठने चांदीसारखी चमकणारी काढली. जनार्दनने तिचं बूड फिरवून उघडलं, आत बोट घालून स्प्रिंग दाबून पाहिली, आणि आतल्या कडेला नखाने खरवडलं. ‘हा पत्रा आहे,’ तो म्हणाला, ‘खाऱ्या वाऱ्याला टिकणार नाही. पितळेची दाखवा.’ शेठचा चेहरा जरा पडला, पण त्याने वरच्या फळीवरून पितळेची काढली. तिच्या आत खरवडल्यावर पिवळं दिसलं. जनार्दनने काच हलवून पाहिली, बल्ब काढून त्याची तार उजेडाकडे धरली, मागे जादा बल्ब ठेवायची जागा आहे का पाहिलं. मी सगळं मनात साठवत होते.

मग सेलची पाळी आली. शेठने निळे सेल पुढे केले, म्हणाला, बेस्ट माल, रेडिओ महिना महिना वाजतो. जनार्दन म्हणाला, रेडिओला थोडं थोडं लागतं, टॉर्चला एकदम लागतं, मला टॉर्चचेच द्या, लाल. हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की सेलमध्येही असा फरक असतो. आमच्याकडे रंग बघून सेल कोणी घेत नसे, स्वस्त बघून घेत. लालमध्येही दोन तऱ्हा निघाल्या, एक नुसत्या पुठ्ठ्याच्या सालीचे आणि एक वरून पत्र्याचं कवच असलेले. त्याने पत्र्याचे निवडले, फुटले तरी पाणी बाहेर येणार नाही म्हणून. शेठने काउंटरवरचे तीन सुटे उचलले, तर जनार्दन म्हणाला, सुटे नकोत, नवं खोकं फोडा आणि तिन्ही त्यातलेच द्या. ‘एक जरी थकलेला असला ना, शेठ, तर तो बाकीच्या दोघांना पण घेऊन बसतो.’ शेठ म्हणाला, ‘तुम्ही दुकानवाला छो के?’ जनार्दन हसला. प्रत्येक सेलचं बूड त्याने अंगठा फिरवून पाहिलं, फुगलंय का, पांढरं आलंय का. हे सगळं चालू असताना मी एक मसाला सोडा संपवून दुसरा मागवला होता. बॅटरी लावून त्याने दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत उजेड मारला, तो थेट पलीकडच्या भिंतीवर गोल पडला. येताना तो मला एवढंच म्हणाला, ‘तांडेलकाकांना सांग हं सगळं नीट.’ मी कशासाठी आले होते, हे त्याला ठाऊक होतं तर.

मी घरी येऊन सगळं सांगितलं, सोड्यासकट. बाबांनी एकेक गोष्ट चघळून पाहिली. पिवळं दिसलं म्हणजे पितळच कशावरून, पिवळा रंगही असतो. नवं खोकं फोडायला लावलं म्हणजे शेठला आधी डोळा मारला असेल. एवढं सगळं ठाऊक आहे म्हणजे कोणाला तरी गंडवून शिकला असेल. ताई भाकरी थापत ऐकत होती. तिच्या थापण्याचा आवाज हळूहळू मोठा होत गेला. शेवटी बाबांनी बॅटरी हातात घेतली, वजन पाहिलं, ओटीवरून समोरच्या माडाच्या शेंड्यावर उजेड टाकला आणि म्हणाले, ‘लागते खरी.’ आमच्या घरात हे कौतुक समजलं जाई. ‘पुनव होऊ दे, समुद्रावर बघू.’ आईने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

आता पुढचं मी लपवून ठेवत नाही. वाचणाऱ्याला टांगून ठेवायची मला हौस नाही, आमच्या घरात ते काम बाबा करत. नारळी पुनवेला बोटीची पूजा झाली, मशीनला, जाळ्याला, सुकाणूला हळदकुंकू लागलं. मग आईने ती बॅटरी पाटावर ठेवली. होणाऱ्या जावयाच्या हातची पहिली वस्तू, तिची पूजा वरवरची कशी करायची? तिने बूड फिरवून तिन्ही सेल बाहेर काढले आणि हारीने उभे केले. सेलला वर पितळेची बारकी टोपी असते. आई तिला सेलचं डोकं म्हणे. डोकं आहे तर कुंकू तिथेच लागणार. तिने ओली हळद आणि कुंकू चांगलं दाट कालवून तिन्ही डोक्यांवर बोटाने टिळे लावले, अक्षता टाकल्या, हात जोडले आणि काहीतरी पुटपुटली. ते ताईचं नाव होतं, मी शेजारीच होते. मग तिने सेल होते तसे परत आत घातले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ताईलाही नाही. बाबा तर तेव्हा बोटीपाशी नारळ वाहायच्या तयारीत होते. आज कुठलंही पोर सांगेल की त्या टोपीतूनच वीज पुढच्या सेलमध्ये जाते आणि तिथे काही लावायचं नसतं, पण आम्ही वीज कधी पाहिली होती? आम्हाला डोकं दिसलं.

ओलं होतं तोवर बॅटरी लागत राहिली. मग कुंकू सुकलं, खारी हवा आत शिरली, आणि ती मधूनच डोळे मिटू लागली. बाबा ती तळहातावर आपटत, की लागे. आपटताना ते आमच्याकडे बघत. बोटी सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. एका संध्याकाळी आभाळ काळं झालं, पाऊस आडवा यायला लागला, आणि आई दगडावर उभी राहिली. मी आणि ताई मागे, डोक्यावर इरलं घेऊन. बोटीच्या मशीनचा आवाज जवळ आला. आईने बॅटरी लावली, ती लागली, थरथरली आणि गेली. आईने आपटली, हलवली, पदरात धरून पुसली. ती लागली नाही. आई नुसती ओरडत राहिली, वाऱ्यात ते कोणाला ऐकू जाणार? मग खडकावर लाकूड घासल्याचा आवाज आला. तो आवाज मला आजही बसल्या जागी ऐकू येतो. बोट उलटली नाही. काठावरची माणसं दोर घेऊन धावली, चौघेही चालत वर आले. पण बोटीची एक फळी आतपर्यंत फुटली होती आणि काकांचा हात खरचटून चांगलाच मुरगळला होता.

बाबा घरी आले, कोरडं धोतर नेसले, चहा घेतला. मग ते म्हणाले, ‘तलासरीला निरोप द्या. लग्न नाही.’ ताई उठून आत गेली. आई म्हणाली, ‘त्या पोराचा काय दोष?’ बाबा म्हणाले, ‘तिन्ही सेल नवे होते, तर महिनाभरात मेले कसे? ह्याने शेठसमोर नवे घेतले आणि वाटेत जुने घातले.’ मी म्हटलं, बाबा, वाटेत मी बरोबर होते. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझीच मला शंका यायला लागली, आपण सोडा पिताना मान तर फिरवली नव्हती ना. मग त्यांनी बॅटरीला जाळ्याचं सूत गुंडाळलं आणि त्याला स्वतःची गाठ मारली, जी दुसऱ्या कोणाला सुटत नसे. ‘घरातल्या कोणी हिला हात लावायचा नाही. त्याला इथे येऊ दे. माझ्यासमोर त्यानेच उघडायची, म्हणजे नंतर म्हणायला नको, तुम्हीच काहीतरी केलंत.’ त्या गाठीमुळेच आतलं कुंकू कोणाच्या नजरेला पडलं नाही. ताई दोन दिवस मागच्या पडवीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना ती मला म्हणाली, ‘मंदे, तू बरोबर होतीस. तुला तरी वाटतं का तसं?’ मी नाही म्हटलं. ती म्हणाली, ‘मग मी दुसरा करणार नाही. सांग त्यांना.’ मी सांगितलं नाही, माझी काय बिशाद.

जनार्दन एकटाच आला, मामाला न घेता. ओटीवर बाबा, खांबाला टेकून हात गळ्यात बांधलेले काका, दारात आई, दाराआड ताई, आणि मी खिडकीत. बाबांनी सुताची गाठ सोडली आणि बॅटरी त्याच्यापुढे सरकवली. ‘उघड.’ जनार्दनने बूड फिरवलं आणि बॅटरी डाव्या हातावर उलटी केली. एकेक सेल सरकत त्याच्या तळहातावर आला. मला खिडकीतून त्याचा चेहरा दिसत होता. त्याने सेलांच्या टोप्यांकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आईने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं आणि कपाळावर नेहमीचं ठसठशीत कुंकू होतं. मग त्याने तीन सेलांवर मूठ मिटली, टोप्यांवर अंगठा दाबून, आणि खाली बघत म्हणाला, ‘चूक माझी आहे, तांडेलकाका. घाईत घेतले मी. नीट बघायला हवे होते, बघितले नाहीत. बोटीचं जे नुकसान झालं ते माझ्याकडून झालं.’

दाराआडून ताईचा श्वास ऐकू आला. मला वाटलं, संपलं, बाबांना हवं ते त्याने स्वतःच्या तोंडाने देऊन टाकलं. बाबांनी मान तिरकी करून त्याच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘घाईत? ही पोर दोन सोडे प्यायली तोवर तू तिथे उभा होतास. नवं खोकं फोडायला लावलंस. बुडांवरून अंगठा फिरवलास. हिने मला सगळं सांगितलंय. घाई कधी केलीस?’ जनार्दनने मूठ आणखी घट्ट केली. ‘मूठ उघड.’ त्याने उघडली नाही. बाबांनी पुढे वाकून त्याचं मनगट धरलं आणि एकेक बोट स्वतः उघडलं. तळहातावर लाल भुकटी पडली होती, आणि सेलांच्या टोप्यांवर हळदकुंकवाची खपली, कडेने हिरवा गंज आलेली. बाबांनी ती नखाने उकरली, वास घेतला, आणि मग वळून आईकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या एका हातातल्या उजेडावर त्यांनी संशय घेतला नव्हता, तो हात आईचा होता. आई जागची हलली नाही, पण बोलली. ‘माझं आहे ते. पुनवेला मी लावलं होतं. मला कळलं नाही हो.’ आणि तिला रडू फुटलं.

तिन्ही सेल बाबांनी धोतराच्या सोग्याला घासून पुसले, एकेक करून आत घातले, बूड फिरवलं आणि बटण पुढे केलं. भर दुपारी, उजेडात, तो दिवा तसा दिसत नव्हता, म्हणून त्यांनी काचेवर तळहात धरला आणि तो लाल झालेला आम्हा सगळ्यांना दिसला. मग त्यांनी हाक मारली, ‘हेमे, बाहेर ये.’ ताई आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, आपण कशा दिसतोय याची फिकीर नसलेली. बाबांनी जनार्दनकडे बोट केलं.

‘हा माणूस खोटं बोलतो,’ ते म्हणाले. ‘माझ्या ओटीवर बसून, माझ्या तोंडावर. मी पकडला म्हणून कळलं. तुला चालेल?’

‘चालेल,’ ताई म्हणाली.

‘नीट विचार कर. एकदा बोलला तो पुन्हा बोलेल.’

‘बोलू दे,’ ती म्हणाली. काका हसले, मग त्यांना हात दुखला म्हणून थांबले.

लग्न दिवाळीनंतर झालं. बोटीची फळी बदलायला जनार्दन रविवारी रविवारी तलासरीहून येत राहिला आणि ठोकाठोकीत बोटं ठेचून घेत राहिला, कारण सुतारकाम त्याला मुळीच येत नव्हतं. बाबांचा संशयी स्वभाव काही गेला नाही. जनार्दनच्या बाबतीत मात्र त्यांची खात्री पटली होती की हा खोटं बोलणारा माणूस आहे, आणि ते तसं चारचौघांत सांगत. तो दारात येऊन म्हणाला, ‘जेवून आलोय, बाबा,’ की ते आत ओरडत, ‘खोटं बोलतोय, वाढा त्याला.’ ताईच्या पहिल्या बाळंतपणात तो दवाखान्यातून येऊन म्हणाला, ‘सगळं नीट आहे, काळजी करू नका,’ तेव्हा बाबा चपला घालून त्याच्याबरोबर निघाले. आणि सगळं नीट नव्हतं, दोन दिवस ते दोघे दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. पुढे नीट झालं.

शेवटच्या आजारपणात बाबा घरीच होते. डॉक्टरने आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं होतं, बाबांना नाही. जनार्दन उशाशी बसून त्यांच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होता. त्याचेही केस तोवर पांढरे झाले होते. तो म्हणाला, ‘पावसाळा सरला की बंदरावर नेतो तुम्हाला, बाबा. बोटी सुटताना बघायच्यात ना?’ बाबांनी डोळे न उघडता म्हटलं, ‘खोटं बोलतोस.’ आणि त्याचा हात धरला. ताईने दोनदा जेवायला हाक मारली, पण त्यांनी तो सोडला नाही म्हणून जनार्दन उठला नाही.